उतारावरची जीप

माहेरच्या दुपारच्या झोपेतून मला आजवर मांजरांनी, कुरिअरवाल्याने आणि एकदा वानरांनी उठवलं आहे. यंदा मे महिन्यात चेनकप्पीने उठवलं. कर्र, कर्र, मग कोणीतरी "हळू, हळू, हळू" म्हणायचं, आणि पुन्हा कर्र. खिडकीतून पाहिलं तर अंगणात तीन लोखंडी पाइपांची तिकाटी उभी, आणि तिला साखळीने लटकलेलं आमच्या जीपचं इंजिन. खालून तेल ठिबकत होतं. तेल उडेल म्हणून आई कुरड्यांवर फडकं टाकत होती. अण्णा खुर्ची फिरवून बसले होते, म्हणजे तोंड अजिंक्यताऱ्याकडे आणि पाठ जीपकडे.

जीप महिंद्राची, सीजे थ्री-बी, साठच्या दशकातली. नंबरप्लेटवर एमएच-११ यायच्या आधीची तीन अक्षरं. अण्णांनी ती सरकारी लिलावात घेतली, मी जन्मायच्या दोन वर्षं आधी. कोयनेच्या भूकंपात, म्हणजे डिसेंबर १९६७ मध्ये, ही जीप पाटणच्या बाजूला मदतीला धावत होती असं ते सांगतात. तेव्हा ती कोणत्या खात्याची होती हे मात्र ऐकणारा कोण आहे त्यावर ठरतं. पाहुणा महसूलमधला असेल तर महसूल, पाटबंधाऱ्याचा असेल तर पाटबंधारे.

धाकट्या भावाने एका उलटलेल्या बोलेरोचं इंजिन आणलं होतं. गाडी भंगारात गेली, इंजिन शाबूत राहिलं. १४९३ सीसी, तीन सिलिंडर, डिझेल. जुनं २१९९ सीसी, चार सिलिंडर, पेट्रोल, आणि तेही पाण्यासारखं पिणारं.

"एक सिलिंडर कमी, आकार लहान, आणि जोर जास्त?" मी विचारलं.

"वाटण्या झाल्यावर भाऊ जास्त कमवायला लागतात, तसंच," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली.

अण्णांनी खुर्ची आणखी जरा वळवली.

धाकटा रीतसर माणूस आहे. इंजिन बदलायचं म्हणजे १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आणि आरसी बुकातला इंजिन नंबर, म्हणून परवानगीची फाइल त्याने आधीच करून ठेवली होती. खरी परवानगी खुर्चीत पाठमोरी बसली होती. तिच्यासाठी त्याने वेगळा युक्तिवाद तयार केला होता.

"अण्णा, या जीपचं बोनेट एवढं उंच का आहे, माहितीय? १९५३ साली अमेरिकेत विलीज कंपनीने जुन्या जीपमध्ये नवं इंजिन घातलं. आधीच्यात सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते. नव्यात इनलेटचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये घेतले, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि ते बोनेटखाली मावेना. म्हणून बोनेट उचललं. म्हणजे ही गाडी मुळातच इंजिन बदललेली आहे."

अण्णांनी विचार केला. "कंपनीने बदललं," ते म्हणाले. "अंगणात नाही."

पण मला इंजिनाबद्दल लिहायचंच नव्हतं. मला लिहायचंय उताराबद्दल.

आमच्या जीपचा सेल्फ, म्हणजे किल्लीने इंजिन चालू करणारी मोटर, माझ्या आठवणीत सलग आठवडाभर कधी चालला नाही. गाडी उतारावरून सोडूनच चालू करायची. त्यामुळे आमच्या घरात पत्ते उतारावरून सांगितले जायचे. कुठल्या लग्नाला गेलो की कार्यालय सापडल्यावरही अर्धा तास फेऱ्या, उतार सापडेपर्यंत. प्लॉट घेताना अण्णांनी दिशा पाहिली नाही, फक्त उतार पाहिला, असं आई आजही म्हणते. माझ्या सासरचं घर बघायला आमची मंडळी गेली तेव्हा समोर सपाट रस्ता होता. जीप तीन गल्ल्या सोडून लावली आणि चहा घेताना अण्णा सारखे दाराकडे बघत राहिले. सासरच्यांना वाटलं, स्थळ पसंत नाही. पुढे दोन वर्षं सासूबाई ते बोलून दाखवत होत्या.

साताऱ्यात उताराला तोटा नाही. गावच किल्ल्याच्या पायथ्याशी सांडल्यासारखं पसरलेलं. कास तलावाचं पाणीसुद्धा पंपाशिवाय नुसत्या उताराने शहरात आलं. अण्णा हे अभिमानाने सांगायचे, जणू कास तलावाचाही सेल्फ बिघडला होता.

उतारावर गाडी लावली की चाकाखाली दगड. आमचा दगड म्हणजे आजीच्या फुटलेल्या जात्याची अर्धी तळी. काळा पाषाण, एका बाजूला गोल, फुटलेली बाजू सरळ, आणि वरच्या अंगाला अजून टाकीचे घाव. चाकाला असा बसायचा की जणू त्यासाठीच घडवला होता. हा दगड माझ्याकडे होता. धाकट्याला काही वर्षांनी आरसे पुसायचं खातं मिळालं, दगडाचं मी कुणाला दिलं नाही.

रात्री कुठून तरी परतायचं असायचं. आई पुढे, मांडीवर धाकटा, मागे आत्या आणि वाणाची पिशवी. अण्णा गिअर न्यूट्रलला टाकायचे आणि म्हणायचे, "काढ गं." मी वाकून दगड ओढायचे. जीप लगेच हलायची नाही, आधी जरा विचार करायची. मग टायरखालची खडी कुरकुरायची आणि ती निघायची. त्या वेळात दगड पोटाशी धरून धावायचं, आधी तो मागच्या फळीवर ढकलायचा, मग आपण. आत्या दंडाला धरून वर ओढायची. एक चप्पल तरी हमखास खाली राहायची.

आणि मग ते दहा-बारा सेकंद. इंजिन बंद, दिवे बंद, नुसती गाडी खाली चाललेली. वाऱ्याचा आवाज, पत्र्याचा आवाज, आणि आत कोणी बोलत नसायचं. आई पदराचं टोक मुठीत धरायची. अण्णा क्लच दाबून दुसरा गिअर टाकायचे (पहिला नाही, पहिल्याने गाडी तोंडावर आपटते असं ते म्हणत), वेग मनासारखा झाला की क्लच सोडायचे. एक गचका. सगळ्यांच्या माना पुढे. कधी नुसताच गचका, मग पुन्हा शांतता, आणि उतार कमी होत चाललेला. एकदा राजवाड्यापासून पोवई नाक्याच्या दिशेने बरंच खाली आलो तरी ती चालू होईना, तेव्हा आत्याने मोठ्याने रामरक्षा सुरू केली होती. कुठल्या श्लोकाला इंजिन लागलं हे ती मरेपर्यंत सांगायची.

उतार नसेल तिथे हँडल. ते माझं खातं नव्हतं. हँडल मारताना अंगठा मुठीत वळवायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर इंजिनाने उलटी लाथ मारली की मनगट गेलं. आजोबांच्या विहिरीवर सातारारोडच्या कारखान्यातलं कूपर इंजिन होतं, तेही असंच हाताने फिरवून चालू व्हायचं. त्या कारखान्याचे धनजीशा कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री. आमच्या गावात कूपर म्हणजे इंजिनच. त्याचा ठोका दोन शेतं ओलांडून ऐकू यायचा, आणि तो चुकला की आजोबा हातातला घास ठेवून उठायचे.

पुण्यात माझ्याकडे बटण दाबलं की चालू होणारी गाडी आहे. तरी मी ती रॅम्पच्या तोंडाशी, उताराकडे नाक करून लावते. वॉचमनने दोनदा हटकलं. नवऱ्याने कारण विचारायचं सोडून दिलं आहे.

तर, इंजिन. तीन आठवडे चाललं ते. तेलाचा चेंबर पुढच्या ॲक्सलला घासायला लागला, तो कापून पुन्हा जोडला. फाउंडेशन, म्हणजे इंजिनाची बैठक, तीनदा वेल्डिंग केलं आणि दोनदा तोडलं. बोलेरोचा पाच गिअरचा बॉक्स सोबत घातला, त्यामुळे मधली पट्टी कापावी लागली. मिस्त्री लोखंडाला घाबरत नव्हता, वायरिंगला घाबरत होता. शेवयांचा गुंताडा परातीत घ्यावा तसा तो वायरचा गठ्ठा घेऊन बसायचा. ॲक्सिलरेटरला केबलच नाही, नुसता सेन्सर आहे, हे कळल्यावर अण्णा पहिल्यांदा खुर्ची वळवून जवळ आले. "म्हणजे पाय दाबला की कळतं कोणाला?" त्यांनी विचारलं. धाकट्याने वहीएवढा डबा दाखवला. अण्णांनी त्याचा वासही घेऊन पाहिला.

तेव्हाच धाकटा सहज बोलून गेला की बॅटरी पूर्ण बसली तर ही गाडी उतारावरून ढकलून चालू होणार नाही. डब्याला वीज मिळाली नाही की इंजेक्टर उघडत नाहीत. चाकं फिरतील, इंजिनही फिरेल, पण डिझेल पडणार नाही. मग यवतेश्वरचा अख्खा घाट उतरला तरी काही व्हायचं नाही.

अण्णांनी ऐकलं असावं, पण ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी बिनइंजिनाची जीप चौघांकडून ढकलून घेऊन थोडी वर, रस्त्याच्या उताराशी लावली. चाकाखाली दगड ठेवला. धाकटा माझ्याकडे बघून हसला, मी हसले नाही.

जुनं इंजिन ओसरीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेलं. चौथ्या दिवशी आईने त्यावर सूप ठेवलं.

मी निघायच्या आदल्या दिवशी जीप चालू झाली. अंगणात सगळे जमले, नारळ फुटला. पुढे अण्णा, शेजारी धाकटा, मागे वहिनी आणि पोरं. अण्णांनी न्यूट्रल तपासला आणि सवयीने म्हणाले, "काढ गं."

मी वाकले. दगड पूर्वीपेक्षा जड झाला होता, किंवा माझी कंबर. ओढून पोटाशी घेतला, सरळ उभी राहिले, आणि तेवढ्यात किल्ली अर्धी फिरली असेल नसेल, इंजिन लागलं. गचका नाही, शांतता नाही, काहीच नाही. बारीक टकटक करत जीप निघाली. पोरं मागून ओरडत हात हलवत होती. मी चार पावलं धावले. धावले म्हणजे काय, ते पाहणाऱ्याने सांगावं. तोवर ती कोपऱ्यावरून वळली होती.

जात्याची तळी पोटाशी घेऊन मी रस्त्यात उभी. समोरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "काय गं, कुठं निघालीस दगड घेऊन?"

"कुठं नाही," म्हटलं, आणि होता तिथे ठेवून दिला.