मॉन्टइगलचा घाट आणि गिटारचा गुडघा

अटलांटाहून नॅशव्हिल साधारण २५० मैल. चॅटनूगापर्यंत आय-७५ महामार्ग, पुढे आय-२४. निकाजॅक तलाव ओलांडून थोडं पुढे गेलं की मॉन्टइगलचा चढ लागतो. उतरतीच्या बाजूला ब्रेक निकामी झालेले ट्रक थोपवायला खास रस्ते काढून ठेवले आहेत, त्यावरूनच घाटाची कल्पना यावी. चॅटनूगा सोडल्यावर वेळेचा पट्टा बदलतो आणि घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे उशिरा निघूनही मी वेळेवर पोहोचलो.

डिकीत होती दुरुस्तीला निघालेली, सत्तरच्या दशकातली पेडल स्टील गिटार. आपल्याकडे हवाईयन गिटार म्हटलं की व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांच्या फिल्मी सुरांच्या तबकड्या आठवतात. ही तिचीच अमेरिकन पुतणी. दहा तारा, चार पाय, खाली पेडलं आणि दोन्ही गुडघ्यांशी लिव्हर. डाव्या हातात पोलादी बार, उजव्या हाताला नख्या. पेडल दाबलं की खालच्या सळ्या चेंजर नावाच्या यंत्रणेला ओढतात आणि तार वाजता वाजता चढते किंवा उतरते. नॅशव्हिलच्या ई-नाइन जुळणीत ई हा षड्ज धरा. पहिलं पेडल पंचमाचा धैवत करतं, दुसरं गंधाराचा शुद्ध मध्यम. दोन्ही एकदम दाबली की सा-ग-प चं सा-म-ध होतं आणि मधली मींड फुकटात मिळते. अमेरिकन कंट्री संगीतातला तो रडवेला सूर म्हणतात, तो बराचसा या दोन पेडलांचा.

मोडलं होतं ते षड्जाला निषादावर उतरवणाऱ्या लिव्हरचं. लिव्हर ज्या आडव्या दांड्यावर फिरते, त्यावर बसणारा आणि सळई ओढणारा बोटभर तुकडा मधोमध तुटला होता. हे तुकडे जस्ताच्या मिश्रधातूचे, डायकास्ट म्हणजे साच्यात ओतलेले. ओतायला सोपे, स्वस्त, पण वय झालं की भरवसा नाही.

कारागीर शहराच्या उत्तरेला, कंबरलँड नदीपलीकडे राहतात. निवृत्त मशिनिस्ट. गराजमध्ये लेथ, मिलिंग मशीन आणि भिंतीला उलट्या टांगलेल्या गिटारी. आत शिरल्याबरोबर बर्फ घातलेला गोड चहा हातात आला. अमेरिकेच्या दक्षिणेत त्याला नाही म्हणायची सोय नाही. माझा पहिला प्रश्न अर्थातच, ‘वेल्डिंग होईल का?’

त्यांनी उत्तर न देता भिंग दिलं. तुटलेला पृष्ठभाग खडीसाखरेसारखा दाणेदार होता. पण सगळा एका रंगाचा नव्हता. एका कडेला काळपट पट्टा, उरलेला भाग लख्ख. काळी तड जुनी, कित्येक वर्षं आत सरकत आलेली. चकाकणारा भाग तेवढा परवाचा. मी ती गिटार घेतली तेव्हाच ती अर्धी मोडलेली होती म्हणायची.

वेल्डिंगबद्दल मग सावकाश बोलले. हा धातू ३८० अंशांच्या आसपासच वितळतो. पोलादासारखा आधी लाल होऊन इशारा देत नाही, एकदम बसतो. जास्त तापवलं तर जस्ताचा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री ताप भरतो. कमी तापमानाच्या काड्यांनी सांधा जुळतो, पण गुडघ्याचा जोर येणाऱ्या जागी तो सांधा त्यांना मंजूर नव्हता. तुकडा नवीनच करायचा, ६०६१ अॅल्युमिनियमच्या सळीतून. ‘मूळ भाग गेला’ म्हणून हळहळणारे संग्राहक असतात. पोटाखाली कुणाला न दिसणाऱ्या भागासाठी एवढा सोवळेपणा मला तरी पटत नाही.

माप घेण्यात मात्र त्यांनी कमालीचा वेळ घालवला. दांड्याच्या मध्यापासून सळईचं भोक किती लांब, यावर लिव्हरचा सगळा स्वभाव ठरतो. भोक लांब गेलं तर थोड्या हालचालीत सूर उतरतो, पण गुडघ्याला जड लागतं. जवळ आलं तर हलकं, पण पाय लांबवर न्यावा लागतो. तुटलेल्या तुकड्यावर विसंबायचं नाही म्हणून शेजारच्या लिव्हरचा शाबूत तुकडा काढला, व्हर्निअर लावला, आणि निळा रंग फासलेल्या अॅल्युमिनियमवर सुईने रेघा ओढल्या. मग म्हणाले, आता दोन तास इथे तुझं काही काम नाही.

म्हणून शहरातल्या ब्रॉडवे रस्त्यावर गेलो. भर दुपारी प्रत्येक दारातून वेगळं गाणं अंगावर येतं. मला ४१६ नंबर पाहायचा होता. आज तिथे रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड हा संगीत-बार आहे. पूर्वी तिथे शो-बडचं दुकान होतं. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स या वादकांनी काढलेली ही पेडल स्टीलची कंपनी. मागच्या गल्लीपलीकडे रायमन सभागृह, जिथे १९४३ ते १९७४ ग्रँड ओल ऑप्री हा कंट्री संगीताचा रेडिओ कार्यक्रम भरायचा. म्हणजे वादकाची सळई निघाली तर मध्यंतरात दुरुस्त करून आणता येईल इतक्या अंतरावर दुकान. गर्दी पार्किंगइतकीच महाग पडली, लवकर परतलो.

तुकडा तयार होता. भोकं रीमरने साफ केलेली, आटे पाडलेले, कडा कानशीने मारलेल्या. बसवण्याआधी त्यांनी लिव्हरचा स्टॉप दाखवला. लिव्हर कुठे थांबायची ते ठरवणारा हा स्क्रू, तोच जागेवर नव्हता. त्यामुळे सूर उतरून चेंजर अडल्यावरही गुडघ्याचा जोर पुढे जायचा आणि तो सगळा त्या बिचाऱ्या जस्तावर. आधी तो स्क्रू बसला, मग तुकडा.

जुळणीसाठी मी फोनवरचा ट्यूनर काढला. त्यांनी तो बाजूला ठेवायला लावला. पाचव्या तारेचा पंचम छेडला आणि चेंजरच्या टोकाचं नायलॉनचं नट फिरवत निषाद त्याच्याशी मिळवला. ट्यूनरच्या हिशेबाने तो सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली होता. माझ्या कानाला अगदी ओळखीचा. पंचमाला षड्ज मानलं की हा निषाद त्याचा गंधार होतो, आणि तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधारही तिथेच असतो. हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, इथले बरेच वादक तिसरा सूर असाच उतरता ठेवतात, काट्यावरचा कानाला टोचतो.

उरलेल्या लिव्हरचे तुकडे त्याच वयाचे आहेत. एकेक मोडायची वाट पाहण्यापेक्षा सगळे एकदम करून घे, असं त्यांनी सुचवलं. थंडी पडली की ये, गराजमध्ये उकडत नाही. मी तिथेच हो म्हणून टाकलं.