मशीनवर बसण्याआधीचा अर्धा तास

लग्नसराईत घरून ब्लाउज शिवणाऱ्या मैत्रिणींनो, आज दिवसभर मशीन चालू होतं, तरी एकही ऑर्डर लांबली नाही. त्याचं श्रेय सकाळच्या अर्ध्या तासाला.

आधी ऑर्डरची वही उघडायची, मोबाइल नंतर. मोबाइल आधी उघडला की "ताई, माझा झाला का?" विचारणारीचं काम पुढे सरकतं आणि जिच्या घरी परवा कार्य आहे ती गप्प असते म्हणून मागे पडते. वहीत नुसती द्यायची तारीख पुरत नाही. शेजारी मशीनवर घ्यायची तारीखही लिहा, निदान दोन दिवस आधीची. हुक, काजं, हातशिलाई आणि ट्रायलनंतरची दुरुस्ती यात वेळ कुठे जातो कळत नाही.

मग जे दुसऱ्याच्या हातात जाणार ते आधी बाहेर काढायचं: आरीवर्कसाठी आखलेली कापडं, फॉल-पिकोच्या साड्या. उद्या कापायचं सुती अस्तर याच वेळी पाण्यात टाकायचं. न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं, वरचं कापड तेवढं आटत नाही, आणि शिवणीवर चुण्या पडतात. गिऱ्हाईक तिथेच तुटतं.

कापणी सकाळीच, डोकं ताजं असताना. शिवण उसवता येते, पण काखेत खोल गेलेली कात्री सावरता येत नाही. शिवताना एका रंगाच्या दोऱ्याचे ब्लाउज सलग घ्या, म्हणजे बॉबिन बदलत बसावं लागत नाही. मात्र एखादीची तारीख अगदी तोंडावर असेल तर रंग बाजूला ठेवून तिचाच ब्लाउज आधी मशीनवर.