दंडातला उंदीर

भाचा जिमला जायला लागल्यापासून घरातल्या प्रत्येक आरशासमोर हात दुमडून उभा असतो. "मावशी, मसल बघ." मी दंड चाचपला. होता, सुपारीएवढा होता. "अरे वा, बेडकुळी आली की!" म्हटलं, तर त्याचं तोंडच उतरलं. एवढी फी भरून बेडकुळी?

त्याची समजूत काढायला शब्दकोश उघडला, तर आतून उंदीर निघाला. मसल आला लॅटिनमधल्या 'मुस्कुलुस'वरून. 'मुस' म्हणजे उंदीर, आणि मुस्कुलुस म्हणजे पिटुकला उंदीर. शाळेत ज्या न उच्चारायच्या 'सी'ने माझा अर्धा मार्क खाल्ला, तो या 'कुलुस'चाच उरलेला तुकडा. ग्रीकांनी तर पिटुकला-मोठा असाही भेद ठेवला नाही. त्यांच्याकडे उंदीर आणि स्नायू दोन्हींना एकच शब्द. अण्णांच्या दवाखान्याच्या फायलीत 'मायोकार्डियल' (म्हणजे हृदयाच्या स्नायूचं) असं लिहिलेलं होतं, त्यातला 'मायो' तोच. डॉक्टर इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगत होते, तेव्हा हे माहीत नव्हतं ते बरंच. आणि हा मुस काही परका नाही. इंग्रजीतला माउस आणि आपला मूषक त्याचेच भाऊबंद. गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात, त्या शिंपल्यांचं इंग्रजी नावही याच मुस्कुलुसवरून आलंय, फक्त स्पेलिंग वेगळं.

पण खरं सांगू? माझं मत बेडकालाच. आजोळी मामा विहिरीवर अंघोळीला बसला की आम्ही पोरं भोवती गोळा व्हायचो. तो ओला दंड पुढे करायचा, "दाब." आम्ही अंगठ्याने दाबायचो. दगड! मग मनगट जरासं फिरवून तो तो गोळा टुणकन् उडवायचा आणि आम्ही किंचाळत मागे सरायचो. उंदीर असा दबा धरून बसत नाही, तो नुसता पळतो. रोमन माणसाने बहुधा दंड लांबून बघितला असावा. पुस्तकातल्या 'स्नायू'ला तर ना शेपूट, ना उडी. त्यातून आयुर्वेदात स्नायू म्हणजे वेगळंच काहीतरी, मसलला तिथे पेशी म्हणतात.

हे सगळं भाच्याला सांगितलं. त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं आणि पुन्हा आरशाकडे वळला.

"मावशी, डाव्या हाताला पण उंदीर आलाय का बघ ना."