कुंद्याच्या किमतीत गेलेले तीन आठवडे

बेळगावच्या शहापूरमधील काकांच्या मिठाईच्या दुकानाची वेबसाइट माझ्या गळ्यात पडली, तेव्हा ‘बेळगावचा कुंदा’ शोधणाऱ्याला ती सापडत होती. पण इतरांच्या निकालांखाली किंमत आणि ‘उपलब्ध’ असा शब्द दिसे, तर आमची नुसती निळी ओळ. त्यासाठी हे उत्पादन, ही किंमत, हे चलन, असे सर्चच्या यंत्राला स्कीमाच्या, म्हणजे त्याच्यासाठी ठरवलेल्या शब्दांत, पानाच्या कोडमध्ये वेगळे सांगावे लागते. गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११ मध्ये पुढे आणलेली ही शब्दावली समजायला मला एक संध्याकाळ पुरली.

पुढचे तीन आठवडे मात्र एका रकान्याने खाल्ले. यंत्राला हे कळते का ते तपासणाऱ्या चाचणीत नाव बरोबर, छायाचित्र बरोबर आणि किमतीपाशी लाल खूण: आकडा अवैध. रुपयाचे चिन्ह काढले, कारण चलनाचा रकाना वेगळा असून तिथे ‘INR’ एवढेच लिहायचे असते. मग ‘प्रति किलो’ काढले. तरीही खूण हलेना. वेबसाइट बांधून देणाऱ्याला विचारले तर ‘सर्चला वेळ लागतो’ असे उत्तर आले, जणू वाट पाहिल्याने चूक आपोआप दुरुस्त होणार होती. शेवटी एका रात्री बाकी सारे झाकून केवळ आकडा पाहत बसलो: ४८०. मराठी पानावरून जसाच्या तसा उचललेला, देवनागरी! यंत्राला त्या जागी इंग्रजी अंकच लागतात. तीन कळा दाबल्या आणि खूण हिरवी झाली.

काकांना सांगितले तर म्हणाले, “कायद्यानं दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड झालं, आता किमतीतही मराठी चालेना म्हण की रे!” ग्राहकाला दिसणारी किंमत अर्थात देवनागरीतच ठेवली आहे; रक्कम दोन्हीकडे एकच असली म्हणजे झाले.

आधी सांगायला हवे होते: वर्डमधून मजकूर उचलू नये, त्यातली वळणदार अवतरणचिन्हे यंत्रासाठी लिहिलेली सगळी मांडणी मोडतात. दुकानाचे मराठी, कन्नड आणि इंग्रजी नाव पर्यायी नावाच्या रकान्यात भरावे. स्वतःच्याच दुकानाला स्वतःच्या पानावर पसंतीचे तारे देण्याचा खटाटोप करू नये, ते २०१९ पासून गूगलच्या निकालात दाखवले जात नाहीत. आणि या खटपटीने क्रमांक वर चढतो असे नाही. किंमत दिसण्याची पात्रता तेवढी मिळते.

कुंद्याखाली किंमत आता दिसते. करदंट या दुसऱ्या मिठाईचा भाव मात्र काकांनी काल स्वतः मोबाइलवरून बदलला आहे, आणि तोही देवनागरीत.