ती ग्रे जर्सी का घालतो, तुम्ही विचारलंत म्हणून

मॅच बघायला जमलो की कोणीतरी बोलतंच, "अरे एवढ्या जर्सी सोडून ही पनवती कशाला घालतोस?" मँचेस्टर युनायटेडची १९९५-९६ ची अवे जर्सी, म्हणजे बाहेरच्या मैदानावर घालायची, ग्रे, छातीवर स्पॉन्सर शार्पचं नाव. माझी ओरिजिनल नाहीये, ऑनलाइन मागवलेली कॉपी आहे, धुऊन धुऊन अक्षरं निम्मी उडालीत.

हो, माहितीये मला. हिच्यात पाच मॅच, चार हरलो, एक ड्रॉ. १३ एप्रिल १९९६, साउदॅम्प्टनविरुद्ध, हाफटाइमला ०-३, मॅनेजर फर्ग्युसनने सगळ्यांना कपडे बदलायला लावले, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत उतरले आणि शेवटी १-३. का, तर म्हणे खेळाडूंना एकमेकं दिसत नव्हते. संपली जर्सी, परत घातलीच नाही. पण त्याच सीझनला लीग आणि एफए कप दोन्ही आपणच मारले ना? बारा पॉइंट पुढे असलेल्या न्यूकॅसलला गाठलं ना? पहिल्याच मॅचला हीच जर्सी घालून व्हिलाकडून ३-१ मार खाल्ला, इन्स-ह्यूजसारखे जुने खेळाडू क्लब सोडून गेलेले, स्टार कँटोना सस्पेंड, तेव्हा एक्सपर्ट हॅन्सन टीव्हीवर म्हणाला पोरंटोरं घेऊन काही जिंकता येत नाही. कपड्याचं नाव कोणी काढलं नाही, कारण दोष द्यायला पोरं होती. एप्रिलपर्यंत पोरं जिंकायला लागली, मग राहिलं कोण?

इथवर मी दरवेळी सांगतो. पुढचं गिळतो.

त्या वर्षी परळला आमची सेव्हन-अ-साइडची टीम होती. त्यातल्या एकाला (नाव नको, तो सगळं वाचत असतो) नवीन नोकरी लागलेली, त्याने पहिल्या पगारातून धोबीतलावावरून सगळ्यांना ग्रे टीशर्टचा सेट आणला, मागे नंबर छापून. आम्ही स्वतःला काय समजायचो विचारू नका. मे महिन्यात एका टुर्नामेंटची फायनल, संध्याकाळ, मैदानात धुरळा, लाइट अजून लावले नव्हते, १-१. मी लास्ट मॅन. बॉल माझ्याकडे, डावीकडे हा टीशर्टवालाच एकटा मोकळा, हात वर करून ओरडतोय, आणि मी मध्ये पास दिला तो थेट समोरच्याच्या पायात. गोल. मॅच खल्लास.

सगळे माझ्याकडे बघतायत आणि माझ्या तोंडून निघालं, "अरे या ग्रेमध्ये कोण दिसतंय का?" साउदॅम्प्टनला जेमतेम महिना झालेला, सगळ्यांना ते पाठ. एक हसला, एक बोलला बरोबर आहे, आणि दोन मिनिटांत सगळे त्याच्यावर, कुठून आणलीस ही पोतेरी, स्वस्तात मिळाली काय. तो काही बोलला नाही. टीशर्ट काढला, त्याची घडी घातली, म्हणजे घामाने निथळणाऱ्या टीशर्टची घडी, बॅगेत ठेवली आणि बनियनवर घरी गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीपण नाही.

समोरची टीम पिवळ्यात होती. भडक पिवळ्यात. आणि तो मला दिसला होता. माझा डावा पाय कच्चा, तिकडे पास द्यायला फाटली, बस.

तेव्हाचा वीस वर्षांचा मी अजून माझ्याशी वाद घालतो, मी त्याचं नाव घेतलं का, मी तर टीशर्टला बोललो. नाही घेतलंस बाबा, पण ते त्याला धुवत होते तेव्हा बुटाची नाडी सोडत बसला होतास. उजेड कमी होता हे खरं. होता, मान्य. (बघा, परत सुरू झालो.)

तो आता विरारला असतो. लग्नाकार्यात भेटतो, नीट बोलतो, पोरांच्या ॲडमिशनचं वगैरे. दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या सत्यनारायणाला मी मुद्दाम ही जर्सी घालून गेलो, म्हटलं आज विषय निघेल. त्याने वरपासून खालपर्यंत बघितलं.

"एक साइज मोठी घेतलीस," म्हणाला, आणि प्रसादाच्या लाइनीत जाऊन उभा राहिला.