तीस टन म्हणजे नेमके किती? लाकूड फोडायचं यंत्र घेतानाचा अनुभव

हायड्रॉलिक लॉग स्प्लिटर, म्हणजे तेलाच्या दाबावर पाचर लाकडात घुसवणारं यंत्र, विकत घ्यायला गेलात तर पहिला आकडा कानावर पडतो तो टनांचा. 22 टन, 27 टन, 30 टन. खोक्यावर टन, यंत्राच्या अंगावर टन, विक्रेत्याच्या तोंडी टन. हे टन आले कुठून, एवढंच मला हवं होतं आणि त्यापायी माझा सबंध उन्हाळा गेला.

आम्ही अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये राहतो. घरात वुडस्टोव्ह आहे आणि थंडी मोठी असते. आवारातली अ‍ॅशची झाडं एमराल्ड अ‍ॅश बोरर या किडीने वाळली (ही कीड आमच्या राज्यात 2013 मध्ये सापडली). ती पाडावी लागली, सोबत एक मोठा रेड ओकही गेला. ओंडक्यांचा डोंगर अंगणात पडला. सासरे तेव्हा आमच्याकडे आले होते. "यंत्र कशाला आणताय? घण आणि पाचर आणा," म्हणाले. अ‍ॅश त्यांच्या हाताखाली सरळ फुटलं. मग ओकचा गाठीचा एक ओंडका आला, पाचर त्यात रुतून बसली, ती काही निघेना. तेव्हा त्यांनीच विचारलं, "ते यंत्र केवढ्याला मिळतं?"

विजेवर चालणारं छोटं यंत्र घ्यायचं नाही हे लगेच ठरलं. घरच्या साध्या सॉकेटवर चालणारी ती साधारण पाच ते सात टनांची असतात. बारक्या, सरळ लाकडाला छान, आमच्या ओकला नाही. आडवं-उभं दोन्ही करता येणारं हवं, हेही ठरलेलंच होतं. जड ओंडका उचलण्यापेक्षा जमिनीवरच लोटत नेऊन पाचरेखाली आणावा. पाठ आपलीच असते.

आता टनांकडे येतो. गणित शाळेतलं आहे. सिलिंडरच्या आतल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले तेलाचा दाब म्हणजे ताकद. इथला टन 2,000 पौंडांचा. आतला व्यास 4 इंच असेल तर क्षेत्रफळ साडेबारा चौरस इंचांच्या थोडं वर, 3,500 पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) दाबाला 22 टन भरतात. साडेचार इंचाला 3,000 पीएसआयवर जेमतेम 24. म्हणजे व्यास आणि दाब हे दोनच आकडे कळले की दुकानदाराच्या शब्दावर विसंबायला नको.

एका मोठ्या दुकानात 30 टनांचं यंत्र आवडलं. विक्रेत्याला विचारलं, "सिलिंडरचा व्यास किती?" तो म्हणाला, "तीस टन." पुन्हा विचारलं. त्याने माहितीपत्रक काढून टनांच्या आकड्यावर बोट ठेवलं. कंपनीला फोन केला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एका बाईंनी तेच माहितीपत्रक मला वाचून दाखवलं, मीसुद्धा ते हातात धरून ऐकलं. मग त्या म्हणाल्या, तांत्रिक प्रश्न फॉर्म भरून विचारा. फॉर्ममध्ये यंत्राचा अनुक्रमांक आणि खरेदीची तारीख लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडेना. मी यंत्र घेतलेलंच नाही, घ्यावं की नाही हे ठरवण्यासाठीच तर विचारतोय! दुकानात मांडलेल्या यंत्राचा अनुक्रमांक टाकून पाहिला, तर "या यंत्राची नोंदणी झालेली नाही." शेवटी उत्तर आलं तेव्हा त्यात एकच वाक्य होतं: आमचं यंत्र 30 टनांचं आहे.

चिडून टेप घेऊन दुकानात गेलो आणि सिलिंडरचा घेर मोजला. बाहेरचा व्यास 5 इंच निघाला. जाडी दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच धरली तर आतला साडेचार. त्यातून 30 टन काढायचे तर दाब 3,770 पीएसआयच्या आसपास हवा. रिलीफ व्हॉल्व्ह (तेलाचा दाब ठरावीक हद्दीपलीकडे जाऊ न देणारी झडप) तेवढ्यावर लावलाय का, हे त्या कंपनीने आजतागायत सांगितलेलं नाही. तुम्हीही टेप न्या. कोणी हसलं तर हसू द्या.

यावरचा उपाय गावातल्या लॉनमोवर दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मेकॅनिकने सांगितला: जाहिरात नको, सुट्या भागांची यादी वाच. मॅन्युअलच्या शेवटी सिलिंडर बदलायला कोणता मागवायचा ते लिहिलेलं असतं, त्यात व्यास येतोच. हे आधी कळलं असतं तर फोनवरचं संगीत वाचलं असतं.

त्यानेच दुसरी गोष्ट दाखवली, ती मला टनांहून मोलाची वाटते. पंप तोच ठेवून सिलिंडर मोठा केला की यंत्र मंदावतं. मिनिटाला 11 गॅलनचा पंप असेल तर 24 इंच पुढे जायला 4 इंची दट्ट्याला सात सेकंद लागतात, साडेचार इंचीला नऊ. हा हिशेब पंपाच्या वेगवान टप्प्याचा आहे. लाकडाने अडवलं की पंप दाब वाढवतो आणि दट्ट्या आणखी हळू जातो. दिवसभर फोडत बसलं की हा फरक खांद्यांना कळतो.

आम्ही 4 इंची, 22 टनांचं घेतलं, ते आकडे छापणाऱ्या दुसऱ्या कंपनीचं. ओक फुटतो, गाठीचासुद्धा. एल्म झाडाचं लाकूड मात्र फुटत नाही, चिंधीसारखं फाटत जातं. त्याला 30 टन लावले तरी ते फाटणारच, असं माझं मत झालंय.

खरेदी वसंतात करा, शरद ऋतूत सगळं गाव त्याच रांगेत असतं. शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधले मराठी मित्र विचारतात म्हणून सांगतो, आमच्याकडे विक्रीकर नाही, पण यंत्र गाडीमागे ओढत नेणार असाल तर टायरवरची वेगमर्यादा वाचा, बऱ्याच यंत्रांना ताशी 45 मैलच चालतात. पुष्कळदा यंत्र तेलाशिवाय येतं. हायड्रॉलिक तेल भरा, दट्ट्या काही वेळा पुढेमागे करून हवा काढा, मग पातळी पुन्हा बघा. हिवाळ्याआधी पेट्रोल काढून टाका, इथेनॉलवालं तसंच राहिलं तर कार्बोरेटर चिकटतो. आणि लाकूड ठेवणारा व यंत्राचा दांडा ओढणारा माणूस एकच हवा. सासऱ्यांना मदतीची फार हौस होती, त्यांना मी फोडलेली लाकडं रचायला बसवलं.