झरा कुठून येतो

गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या खड्ड्यात १९८९ चे घातक कचऱ्याचे नियम येण्याआधीपासून क्रोमियमचा गाळ ओतलेला, खाली अस्तर नाही. पुढे थोडा गाळ उचलून नेला, उरलेल्यावर चिकणमाती, एचडीपीईचा (जाड प्लास्टिकचा) कागद, वर माती आणि गवत. गळती कळावी म्हणून भोवती सहा बोअर. दर तीन महिन्यांनी त्यांचे नमुने घेणं हे माझं काम.

बोअरमध्ये साचलेलं पाणी शिळं असतं. पाइपात आहे त्याच्या तिप्पट उपसायचं, पीएच आणि वाहकतेचे आकडे स्थिरावले की मगच बाटली भरायची. इतर धातूंच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड घालतात, हेक्झा क्रोमला, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाला, ते चालत नाही. ॲसिडमध्ये त्याचं साधं क्रोमियम होऊ शकतं आणि खरं विष अहवालातून नाहीसं होतं. त्याची बाटली वेगळी, बर्फात, चोवीस तासांत लॅबला. माझ्याआधी सगळं एकाच बाटलीत जात होतं. आठवलं की अजून संताप येतो.

चार वर्षं सहाही बोअर स्वच्छ. सह्या माझ्याच.

त्या ऑक्टोबरमध्ये चार नंबरच्या बोअरकडे जाताना वाटेतल्या मळ्यातल्या मावशींनी थांबवलं. "ताई, पाऊस झाल्यापासून पाणी पिवळं दिसतंय बघ." पांढऱ्या बादलीत ते पिवळं होतंच. माझ्याकडे डायफेनिल कार्बाझाइडचं किट होतं, हेक्झा क्रोम असलं की त्यात जांभळा रंग येतो. थेंब पडताच नळीतलं पाणी गडद जांभळं झालं. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, एवढ्याशा क्रोमला असा रंग येत नाही.

"विहिरीचा झरा कोणत्या अंगाला?" मी विचारलं.

"त्या टेकाडाकडचाच की. सासऱ्यांनी खणली तेव्हापासून."

टेकाड म्हणजे आमचा झाकलेला खड्डा.

बोअर मारले होते जमिनीच्या उताराच्या नकाशावरून. काळ्या पाषाणात पाणी उतार बघून चालत नाही. ते भेगांतून जातं, दोन लाव्हाथरांमधल्या लाल थरावरून आडवं सरकतं. क्रोमेट, म्हणजे पाण्यात विरघळलेलं हेक्झा क्रोम, मातीला फारसं चिकटत नाही, पाण्याबरोबर निघतं. नकाशा करणाऱ्यांपैकी एकानेही आसपासच्या विहिरींचे झरे पाहिले नव्हते. मीही नाही.

संध्याकाळी साइटच्या साहेबांचा फोन: "ती विहीर आपल्या यादीत नाही." मी नमुना यादीबाहेरचा म्हणून लिहून पाठवलाच. लॅबच्या आकड्यानंतर त्या अंगाला नवे बोअर झाले. आता तिथलं पाणी उपसून त्याला फेरस सल्फेट देतात, क्रोम गाळ होऊन खाली बसतं. आकडा उतरतोय, पण मळ्याला अजून टँकरच येतो.

मागच्या फेरीला मावशींनी विचारलं, "किती वर्षं पीत होतो गं आम्ही हे?"

माझ्या फाइलीत सहा बोअरचे चार वर्षांचे आकडे आहेत. त्या ऑक्टोबरआधीचा त्या विहिरीचा एकही नाही.